आठांपैकी पाच

"बघितलं, का वाटलं?"

आमच्या रक्तपेढीत हा प्रश्न दिवसातून पाच-सहा वेळा तरी ऐकू यायचा. विचारताना मॅडम तोंड वर करत नसत. डाव्या हाताचं एक बोट कीबोर्डवरून उचलून हवेत धरायच्या, आणि समोरच्याचं उत्तर येईपर्यंत ते खाली यायचं नाही. फ्रीज गार होत नाही म्हणा, प्रिंटर अडकलाय म्हणा, बाहेर कुणी पाहुणे आलेत म्हणा, बोट वरच. "वाटलं" म्हणालात की लगेच, "मग बघून या."

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. कामाला पक्कं आणि सोबतीला जड. आम्ही धाराशिवच्या त्या लहानशा रक्तपेढीत आठ वर्षं शेजारी शेजारी बसलो. मी काउंटरवर, त्या मागच्या टेबलावर कॉम्प्युटरपाशी. मूळच्या लोहाऱ्याच्या. साडी कायम फिकट रंगाची, घड्याळ पुरुषी, आणि डबा उघडला की पहिली चटणी माझ्या झाकणात. एवढं करून चेहऱ्यावर हसू म्हणून नाही.

रक्तदात्यांची यादी त्यांनीच उभी केली होती. जिल्हाभर शिबिरं व्हायची, तिथं आलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, फोन आणि रक्तगट त्यात असायचा. फ्रीजमध्ये पिशवी नसली की यादी उघडायची, त्या गटाच्या माणसाला फोन करायचा. हा सगळा प्रोग्राम मॅडमनी पीएचपी या भाषेत लिहिलेला होता आणि तो दूर कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर चालायचा. त्या कंपनीची एक दिवस सूचना आली की आमची ही सेवा या महिनाअखेरीस बंद होईल. हातात नऊ दिवस होते.

आमच्या डॉक्टरांनी धावपळ करून संस्थेसाठी दुसरीकडं क्लाउडवर मोफत जागा मिळवली. मॅडमनी तिथली माहिती वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"डॉक्टर, तिथं फक्त जावा चालतं. आपला प्रोग्राम पीएचपीत हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे जागा मिळाली, पण आपली भाषा तिथं कुणाला येत न्हाय."

"मग जावात लिहा परत."

"चार महिने लागतील. दिवस नऊ हायत."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. त्यांना एकच शब्द ऐकायचा होता. "पण होईल ना?"

मॅडम म्हणाल्या, "एक दुभाषा मिळतो का बघते."

असा दुभाषा खरोखरच असतो, हे मला तेव्हा कळलं. तो स्वतः जावात लिहिलेला प्रोग्रामच असतो. जावाच्या सर्व्हरवर तो बिनबोभाट बसतो, आपलं पीएचपी ओळ ओळ वाचतो आणि तसं काम करून देतो. सर्व्हरला वाटतं सगळं जावाच चाललंय.

पहिल्या दिवशी पानच उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, तर सगळ्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. पाचव्या दिवशी नावं आली, पण पान उघडायला अर्धं मिनिट लागायचं. कुणी वापरत नसलं की नवा सर्व्हर झोपून जायचा.

"मॅडम, झोपलंय परत."

"उठवा. तुम्हाला सवय हाय की, घरी दोन पोरं हायत."

ही त्यांची त्या आठवड्यातली एकमेव गंमत. बाकी वेळ त्या बोलल्याच नाहीत. डबा तसाच परत जाऊ लागला. त्यांच्या हाताखाली कागदाचे तुकडे वाढत गेले, आणि प्रत्येक तुकड्यावर एक एक चूक, ती सुटली की त्यावर काट.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर आठही रक्तगट एकाखाली एक लिहिलेले, आणि प्रत्येकापुढं जुन्या ठिकाणचा दात्यांचा आकडा.

"नव्या जागी एकेक गट उघडा. जो आकडा दिसतो तो शेजारी लिहा. आठही. बारा वाजता जुनं बंद होतंय, त्याच्या आत."

मी बसलो. चारही पॉझिटिव्ह गट उघडले. आकडे जुळले. मग एबी निगेटिव्ह. त्यात एकच दाता होता, तोही आला. प्रत्येक पानाला तेवढाच वेळ लागत होता, काउंटरवर माणसं उभी होती, फोन वाजत होता. पाच बरोबर आलेत म्हणजे उरलेले तीनही बरोबरच, असं मला वाटलं. हो, वाटलं. मी उरलेल्या तिन्ही गटांपुढं जुनेच आकडे उतरवून काढले आणि कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"आठही?"

"आठही."

त्या वेळी बोट वर गेलं नाही. नऊ दिवसांच्या थकव्यानं असेल, किंवा आठ वर्षांच्या विश्वासानं असेल. त्यांनी कागदावर सही केली आणि बारा वाजता जुनी जागा बंद झाली.

अडीचच्या सुमाराला भूमकडचा एक माणूस काउंटरवर आला. तिशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात दवाखान्याची चिठ्ठी. त्याच्या बहिणीला धाराशिवातल्याच एका दवाखान्यात बाळंतपणासाठी आणलं होतं, आणि रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. फ्रीजमध्ये एकच पिशवी होती, ती सकाळीच तिच्यासाठी गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी आणखी दोन मागितल्या होत्या.

मी यादी उघडली. ओ निगेटिव्ह. अर्ध्या मिनिटानं पान आलं. "दाते उपलब्ध नाहीत."

मला त्यात काही खटकलं नाही. हा गटच दुर्मीळ. मी म्हणालो, "आमच्याकडं कुणी न्हाय. सोलापूरला जावं लागंल."

"सोलापूरला? किती वेळ लागंल, साहेब?"

"जाऊन येऊन चार तास धरा."

त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि जवळजवळ पळतच बाहेर पडला.

मागून आवाज आला, "कुठला गट होता?"

"ओ निगेटिव्ह. एकही दाता न्हाय."

बोट वर गेलं.

"बघितलं, का वाटलं?"

"बघितलं की. हे काय, समोर हाय."

"सकाळी तुम्ही सात लिहिलेत."

मी वळून पाहिलं. माझाच कागद त्यांच्या हातात होता. ओ निगेटिव्हपुढं माझ्या अक्षरात सातचा आकडा.  त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"पळा. त्याला थांबवा."

आमच्यापासून बसस्थानक फार लांब नाही, पण त्या दुपारी ते अंतर संपता संपेना. सोलापूरची गाडी फाटकातून बाहेर वळत होती. मी तिच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारत धावलो. कंडक्टर शिव्या देत दारात आला. खिडकीशी तो टॉवेलवाला बसला होता. मला दम लागला होता, शब्द फुटत नव्हता, मी नुसताच हातानं त्याला खाली बोलावत होतो. तो उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला वाटलं, मी बहिणीची काही बातमी घेऊन आलोय.

"न्हाय न्हाय," मी म्हणालो, "दाते हायत. चला."

आम्ही परत आलो तेव्हा मॅडमनी नवं पान केव्हाच बंद केलं होतं. त्यांच्याजवळच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या यादीची फाइल होती. ती साध्या मजकुरासारखी उघडून, हजारो ओळींतून त्या नजरेनंच ओ निगेटिव्ह वेचत होत्या. शोधायला सांगितलं तर कॉम्प्युटरला एकही सापडत नव्हता. त्याचं कारण त्यांना एव्हाना दिसलं होतं. हे सातही जण खेड्यांतल्या शिबिरांतले होते. तिथल्या पोरांनी टाइप करताना 'ओ'पुढची वजाची खूण म्हणून आखूड रेघेऐवजी लांब रेघ टाकली होती. जुन्या जागी प्रोग्राम ती लांब रेघ ओळखून आखूड करून घ्यायचा. जावामध्ये ती रेघ आत वेगळ्या तऱ्हेनं साठवली जाते, त्यामुळं दुभाष्याला ती ओळखूच आली नाही. सात जिवंत माणसं एका रेघेपायी यादीतून गायब झाली होती.

"फोन लावा," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

पहिला फोन बंद. दुसरा माणूस पुण्याला गेलेला. तिसऱ्यानं महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं. टॉवेलवाला काउंटरला धरून उभा होता, आणि प्रत्येक वेळी मी फोन खाली ठेवला की त्याची बोटं लाकडावर घट्ट होत. चौथा नंबर येरमाळ्याच्या एका शिंप्याचा. मागं शिलाई मशीन चालू असल्याचा आवाज.

"व्हय, मीच. ओ निगेटिव्हच हाय मी. लई दिवसांनी आठवण काढली."

मी सांगितलं.

मशीनचा आवाज थांबला. "निघालोच. एवढं कुलूप लावतो."

पाचवा कळंबचा, तोही निघाला. शिंपी तासाभरात मोटारसायकलवरून आला, शर्टाच्या कॉलरला टाचणी तशीच टोचलेली. रक्त घेतलं, तपासण्या झाल्या, आणि संध्याकाळी सहाच्या आत दोन्ही पिशव्या दवाखान्यात पोचल्या. आठच्या सुमाराला फोन आला. रक्तस्राव थांबला होता. मुलगी झाली होती.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. ते ओरडणाऱ्यातले नव्हते, त्यामुळं जास्त भीती वाटली.

"आठही गट तपासले होते ना? मग हे कुणाच्या चुकीनं झालं?"

 मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "काम माझं, सही माझी. जबाबदारी माझी."

"मॅडम, जीव गेला असता."

"व्हय. गेला असता."

एवढंच. एक सबब नाही, नऊ दिवसांचा उल्लेख नाही. संस्थेनं त्यांना लेखी ताकीद दिली. त्यांनी ती वाचून, पोच म्हणून सही करून परत केली.

दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा सगळं दुरुस्त झालं होतं. मॅडमनी मला स्क्रीनसमोर बसवलं. सर्व्हरवर एक नोंद असते, तिला लॉग म्हणतात. कोणतं पान कधी उघडलं, ते त्यात आपोआप लिहिलं जातं. कालच्या सकाळच्या नोंदीत माझ्या मशीनवरून उघडलेली पानं होती. पाच ओळी.

मी मॅडमकडं वळलो.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"तुम्ही स्टँडकडं पळालात तेव्हा."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"डॉक्टरांनी जबाबदारी विचारली. ती माझीच हाय. तुम्ही आठही म्हणालात आणि मी विचारलं न्हाय." त्यांनी चष्मा पुसला. "पण तुमचं काम उरलंय. त्या भावाला जाऊन सांगा."

"काय सांगू?"

"जे झालं ते."

माझ्या आयुष्यात त्याहून जड पायांनी मी कुठं गेलेलो नाही. तो भाऊ दवाखान्याच्या पायरीवर चहा पीत बसला होता. मला बघून उठला, माझ्यासाठी चहा सांगायला निघाला. मी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं की काल सकाळी मी यादी न बघताच बरोबर आहे म्हणालो होतो, म्हणून तुम्हाला सोलापूरचा रस्ता दाखवला. त्यानं हातातला ग्लास घट्ट धरला. मला वाटलं, आता हा ग्लास माझ्या तोंडावर येणार.

"बरं केलं सांगितलाव," तो म्हणाला. "पर बहिणीला न्हाय सांगणार मी. ती तुमाला देव समजून बसलीय."

त्यानं चहा मात्र सांगितला नाही. मीही थांबलो नाही.

परत आल्यावर मॅडमनी काही विचारलं नाही. जेवणाच्या वेळी माझ्या झाकणात चटणी आली, रोजच्यासारखी. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधीही बोललो नाही.

दोन भाषांचं ते बिऱ्हाड पुढं सव्वा वर्ष सुरळीत चाललं. मग संस्थेनं नवं सॉफ्टवेअर घेतलं, तयार, एकाच भाषेतलं, शहरातल्या एका कंपनीकडून. मॅडमच्या टेबलाला काम उरलं नाही. काउंटरवर बसता का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तिथं माणूस हाय." महिन्याभरात राजीनामा देऊन त्या आईकडं लोहाऱ्याला गेल्या. निरोप समारंभ त्यांनी होऊ दिला नाही.

गेल्या हिवाळ्यात लोहाऱ्याच्या शाळेत आमचं शिबिर होतं. जेवणाच्या सुट्टीत मी केळी घेतली आणि विचारत विचारत त्यांच्या गल्लीत गेलो. अंगणाचं दार उघडं होतं. उन्हात म्हातारी आई पाटावर बसली होती आणि मॅडम मागं बसून तिच्या केसांना तेल लावत होत्या. दोघी कानडीत बोलत होत्या. मला कानडी येत नाही. आई काही तरी पुटपुटली आणि मॅडम एकदम हसल्या. तोंड उघडून, मान मागं टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आईच्या खांद्यावर तेलकट हात टेकून त्या हसतच राहिल्या.

आठ वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. केळी उंबऱ्याशी ठेवली आणि आवाज न करता शाळेकडं वळलो.