झोपलेल्याला हाक मारायची नाही

ईसीजीची पट्टी टेबलावर पसरत डॉक्टर म्हणाले, “ही फिट नाही. हृदयाचा आजार आहे.”

दोन वर्षं मी फिटच्या गोळ्या खात होते.

आजाराचं नाव लाँग क्यूटी सिंड्रोम. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो, माझ्या हृदयाला तो जास्त लागतो. त्यातच माणूस अचानक दचकला तर ठोक्यांचा ताल बिघडतो आणि तो कोसळतो. मी आजवर दोनदा कोसळले होते, दोन्ही वेळा पहाटे मोबाइलच्या गजरानंच.

“घरात कुणी झोपेत, अचानक गेलंय?”

मी नाही म्हणाले. मागे आजऱ्याहून आलेली माझी आत्या बसली होती.

“व्हय की सायेब, तिघं गेल्यात,” ती म्हणाली. “हिच्या आज्ज्याचा भाऊ. लग्नाच्या सकाळी दारात ताशा वाजला आन् नवरदेव हातरुणातच गार. माझ्या दोन भनी आईनं इसरून मारलेल्या हाकंनं गेल्या.”

डॉक्टर कागदावर आमची वंशावळ काढत होते, पुरुषांना चौकोन आणि बायकांना गोल. मेलेल्यांवर तिरकी रेघ मारत होते.

माझ्या माहेरी झोपलेल्याला हाक मारत नाहीत, पायाचा अंगठा दाबून उठवतात. हाक मारली तर आधी गेलेले ‘ओ’ देतात आणि त्याला घेऊन जातात, असं सांगत. मला या गोष्टीची लाज वाटायची. सासरी, मंगळवार पेठेत, मी कुणाला बोललेही नाही. उलट मुलीच्या शाळेसाठी सगळ्यात मोठा गजर लावला.

माझ्या गोलाखाली रेघ ओढून डॉक्टरांनी एक रिकामा गोल काढला. “मुलीचा ईसीजी उद्याच काढू.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. लाउडस्पीकरवर नंबर पुकारला की मी अकरा वर्षांच्या मुलीच्या कानांवर हात ठेवायची. लोक बघायचे.

तिचा रिपोर्टही तसाच आला. डॉक्टरांनी तो गोल पेनानं काळा केला.

आता दोघींनाही बीटा ब्लॉकर चालू आहे, म्हणजे दचकलं तरी हृदयाला बिथरू न देणारी गोळी. शाळेत तिला घंटेपासून लांब बसवतात. तुमच्यापैकी कुणी असं कोसळत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना घरातलं जुनं माणूस बरोबर न्या. त्याच्या गोष्टींना हसू नका.

हाक न मारण्याचा हा नियम कुणी घातला, असं मी आत्याला विचारलं.

“कुणाला ठावं? पयलं लेकरू हाक मारूनच घालवलं असंल कुण्या बिचाऱ्या आईनं.”

गेल्या आठवड्यात मुलीला उठवायला गेले. मी अजून दारातच होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिनं डोळे उघडले आणि कुरकुरली, “उठते की, मम्मी. किती जोरात दाबतीस अंगठा.”

भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण हात आपोआप जोडले गेले. तिला सांभाळणारी मी एकटी नाही.