तिसरी गाठ

आक्कांना जाऊन दीड महिना झाला. लोक म्हणतात, आता सावरा. अहो, सावरायला आधी रडू तरी यायला हवं! मला अजून नुसता रागच येतोय.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या तासगावजवळ मळ्यात राहायच्या, आम्ही सांगलीत. पाळी लांबली, अंगावरून जास्त जायला लागलं की आसपासच्या बायका त्यांचं दार गाठायच्या. आधी तोंडावर प्रश्न, "पोटुशी न्हाईस न्हवं?" मग कुणाला शेपा-तिळाचा गूळ घालून काढा, कुणाला दुधात उकळलेली अशोकाची साल. आणि प्रत्येकीच्या नावाचा एक दोरा खुंटीला. महिना झाला की बाईनं येऊन सांगायचं, आक्कांनी दोऱ्याला गाठ मारायची. "तिसऱ्या गाठीला गुण न्हाई आला तर सांगलीची डॉक्टरीण गाठायची. हितं फिरकायचं न्हाई!" माझ्या लेकीचाही दोरा तिथं होता. तिसरी गाठ पडली तशी आक्कांनी तिला एसटीत घालून घरी आणली आणि मलाच झापलं, "शिकलेली ना गं तू? काढ्याच्या भरवशावर किती दिस बसणार?" थायरॉईड निघालं. पोरगी आज ठणठणीत आहे.

आणि ह्याच आक्का यंदा संक्रांतीला पांढऱ्याफटक दिसल्या. विचारलं तर म्हणे, उन्हानं. पाळी जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईच्या अंगावरून जात होतं आणि ती गुपचूप साल उकळून पीत होती! ओढूनच दवाखान्यात नेलं, पण आजार पार पसरला होता.

"आक्का, बोलला का नाहीत?"

"काय सांगू… बाया म्हनल्या असत्या, हिला हिचंच औषद लागंना. आन् ह्या वयात हे… लाज वाटती गं."

लाज! अख्ख्या गावाच्या पोरीबाळींची लाज जिनं मोडली, तिनं हे म्हणावं? कपाळावर हात मारून घेतला मी.

तेरावं झाल्यावर खुंटीवरचे दोरे उतरवले. एकाही दोऱ्याला तीनच्या वर गाठ नव्हती. सालीच्या डब्यात तळाशी मात्र आणखी एक दोरा निघाला, कधीच खुंटीला न लागलेला. अकरा गाठी. तो आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. सगळ्या गाठी एकमेकींना चिकटून आहेत, फक्त तिसरी नि चौथीच्या मधे बोटभर दोरा मोकळा आहे. म्हणजे थांबला होता तुम्ही. तेवढ्यात एक फोन करायचा होता, आक्का… माझा नंबर तर पाठ होता तुम्हाला.