आपलंच घर समजा

खोल्या दाखवताना घरमालक काका पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते, "आपलंच घर समजा, ताई." मी ते ऐकून सोडून दिलं. भाड्यानं घर देणारा प्रत्येक माणूस तसं म्हणतो. माझ्या आईनं मात्र ते मनावर घेतलं, आणि तिथेच सगळं चुकलं.

पंचवटीतल्या जुन्या गल्लीतल्या त्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या त्या आईच्या फुलांसाठी. ती गंगेवर (इथल्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो), घाटाच्या पायऱ्यांशी, झेंडूचे आणि तुळशीचे हार घेऊन बसते. बसायची, म्हणायला हवं. उजाडायच्या आत जो टोपली मांडील त्याची जागा, असा तिथला कायदा. घरातून निघालं की घाट लगेच. दुखऱ्या गुडघ्यांनीही तेवढं तिला जमायचं. मी सातपूरला कंपनीत आहे, मला ते घर गैरसोयीचंच होतं. पण आईचा जीव त्या घाटावर, त्यामुळे माझं काही चाललं नाही.

खोल्यांची पार कळा गेली होती. भिंतींना ओल, आणि संडास मागच्या अंगणात, सगळ्या भाडेकरूंत मिळून एक. पहिल्याच पावसाळ्यात पुराचं पाणी आत आलं आणि चिखल ठेवून गेलं. आईनं तो उपसला, भिंतींना नवा गिलावा करून घेतला, फरशी बदलली. पुढे हारांच्या कमाईतून घरातच संडास-बाथरूम बांधून घेतलं. मी कपाळाला हात लावला. "अगं, दुसऱ्याच्या घरात कसला खर्च करतेस?"

"भाऊ म्हणले ना, आपलंच समजा म्हणून. मोठा माणूस उगाच बोलतो का?"

काका यायचे, टाइल्सवरून हात फिरवायचे, चहा प्यायचे आणि आईचं कौतुक करायचे. कौतुक करताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

मग सिंहस्थ जवळ आला. घाटावर खोदकाम सुरू झालं आणि गल्लीतले घरमालक अचानक रंगरंगोटीला लागले. एका संध्याकाळी काका आले. नेहमीसारखा चहा घेतला. म्हणाले, "ताई, करार संपतोय. या वेळी नवा नको करायला. खोल्या यात्रेकरूंना देणार आहे. तुमच्याकडे आत संडास-बाथरूम आहे ना, लोक आधी तेच विचारतात."

त्यांच्या हातातली कपबशी हिसकावून घ्यावी असं मला वाटलं. आई एवढंच म्हणाली, "भाऊ, पर्वणीलाच तर लय हार खपतात. तेवढी होऊ द्या, मग जातो आम्ही."

"अहो, पर्वणीसाठीच तर पाहिजेत खोल्या," काका हसले.

मी भांडले. आईनं केलेला एकेक खर्च त्यांच्या तोंडावर मोजून दाखवला. "मी कुठं सांगितलं होतं बांधायला?" ते म्हणाले. आणि खरंच, त्यांनी सांगितलं नव्हतं. माणसं हुशार असतात ती अशी.

आता आम्ही सातपूरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. कंपनी जवळ आहे. माझी सोय झाली आणि तीच मला डाचते. पहिली बस पकडली तरी आई पोचेपर्यंत घाटावरच्या जागा गेलेल्या असायच्या. काही दिवस ती इतरांच्या मागे बसली, सुकलेले हार घेऊन परत आली. मग तिनं जाणंच सोडलं. सिंहस्थाला देशभरातून लोक येतील, आमच्या बाथरूममध्ये आंघोळी करतील आणि हार दुसऱ्याच कुणाकडून घेतील. मला याचा फार राग येतो. आईला येत नाही, याचा तर जास्तच येतो.

नवा घरमालक तसा बरा वाटतो. किल्ली देताना तोही म्हणाला, "आपलंच घर समजा." आईनं नुसती मान हलवली.

देवांच्या तसबिरी अजून पिशवीतच आहेत. परवा मी हातोडी आणि खिळे आणले, खुर्चीवर चढले. आईनं घाईनं येऊन माझा हात धरला.

"नको गं," ती म्हणाली. "लोकाची भिंत हाय."