शोकेसमधली बाटली

मुलुंडच्या मार्तंडकाकांनी बाटली टॉवेलात गुंडाळून आणली होती. ती टॉवेलातून बाहेर आली आणि माधुरीनं ती उजेडात धरली. आज आपली वाट लागली, हे तिला तिथंच कळून चुकलं.

माधुरी मरोळच्या एका बड्या हॉटेलात वाईन वाढते. वाढते म्हणजे नुसती ओतत नाही हं. बाटली चांगली आहे की बिघडली, हे आधी स्वतः हुंगून, घोटभर चाखून ठरवायचं, मगच ती पाहुण्याच्या पेल्यात जाते. काळ्या कोटावर द्राक्षाच्या घडाचा चांदीचा बिल्ला. अख्ख्या हॉटेलात तो तिच्या एकटीकडे. आणि ही बाई आली कुठून, तर भांडुपच्या कोळीवाड्यातून! आई, जया, अजून बाजारात मासळी विकते. लोकांना याचं भारी नवल वाटतं. मला काही वाटत नाही. जी पोर बोलायला लागल्यापासून आईच्या टोपलीत नाक खुपसून कालचा पापलेट आणि आजचा पापलेट वेगळा काढायची, तिच्या नाकाला फ्रान्स काय आणि नाशिक काय!

पण ते नाकच गेलं होतं. महिन्यापूर्वी ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. तिला पत्ताही लागला नाही. एका सकाळी ती शेगडीशेजारी मोबाइल बघत बसली होती आणि तव्यावरच्या सुक्या बोंबलांचा कोळसा झाला. आई बाहेरून धावत आली. "काय गो, झोपलीस का काय? अख्ख्या गल्लीत वास गेला, तुला नाय आला?" माधुरीनं तवा उचलून नाकाशी धरला. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, वास मात्र नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी ते सांगता येत नाही.

हॉटेलात तिनं कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. नाक नसलेली वाईनवाली ठेवून घेतो कोण? मग ती गोष्टींवर दिवस काढायला लागली. गोष्टी तिच्याकडे आधीपासूनच होत्या आणि सगळ्या खऱ्या. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या एका वाईनवाल्यानं आपल्या उत्तम बाटल्यांपुढे भिंत बांधली. जर्मनांना ती जुनी वाटावी म्हणून त्याच्या बायकापोरांनी कोळी पकडून आणून भिंतीवर सोडले. यावर "कोळी म्हणजे तुमच्यातले का?" असं कुणीतरी हमखास विचारायचं आणि तीही हमखास हसायची. न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्यानं दोनशे वर्षांची बाटली मिरवायला मेजवानीत नेली आणि तिथंच ती आपटून फुटली. त्या वाईनची चव काय होती, ते गालिच्यालाच ठाऊक. पाहुणे असे रंगले की ती पेला नाकाशी न्यायची, मान हलवायची आणि ओतायची. हॉटेलच्या बाटल्या थंड खोलीत नीट ठेवलेल्या, त्यामुळे आजवर निभावलं.

मार्तंडकाकांचं प्रकरण वेगळं होतं. उभी हयात बोटीवर खानसामा म्हणून काढलेला माणूस. मुलगी झाली, रुचिका, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी बोट फ्रान्सच्या बोर्दो बंदराला लागली, तेव्हा त्यांनी तिच्या जन्मवर्षाची एक बाटली घेतली. घरी येऊन बायकोला म्हणाले, ही हिच्या लग्नात उघडायची. रुचिकाला लग्नाची घाई नव्हती. तीस-पस्तीस वर्षं अशीच गेली. आता कुठे लग्न ठरलं, तर रुचिकाची आई गेल्या वर्षीच गेलेली. लग्नाआधी घरच्या माणसांनी एकत्र जेवावं आणि बाटली उघडावी, म्हणून काका पंधरवड्यापूर्वी टेबल सांगायला आले होते. "राहिली असेल ना गं चांगली?" त्यांनी विचारलं होतं. आणि माधुरीनं, गोष्टींची सवय लागलेली ना, बाल्टिक समुद्रातल्या शॅम्पेनची गोष्ट ठोकून दिली. दीडशे वर्षांहून जुन्या बाटल्या बुडालेल्या जहाजात सापडल्या. उघडल्यावर आधी चीजचा आणि ओल्या केसांचा वास आला, पण पेल्यात फिरवत राहिल्यावर हळूहळू फुलांचा यायला लागला. काकांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. ती कुठं ठेवलीय, एवढं एकच तिनं विचारलं नाही.

ते तिनं आज, सगळे टेबलाशी बसल्यावर विचारलं.

"कुठं म्हणजे? शोकेसमध्ये!" काका म्हणाले. "हॉलमध्ये शिरलं की समोर. मधल्या कप्प्यात, उभी. वर ट्यूबलाइट लावून घेतली होती खास. हिची आई रोज फडकं मारायची तिच्यावर. एक दिवस चुकवला नाही बाईनं."

आता बोला! वाईनला अंधार लागतो, गारवा लागतो, आणि आडवं पडायला लागतं, म्हणजे बूच ओलं राहतं. आणि आपल्याकडे काय? जी वस्तू जिवापाड जपायची ती शोकेसमध्ये, बाहुली आणि बक्षिसाच्या कपाच्या मधोमध, दिव्याखाली. परदेशातून आणलेली वस्तू आलेल्या-गेलेल्याला दिसली नाही तर आणली कशाला? मुंबईच्या किती मे महिन्यांत ती तिथं उभी शिजली असेल! पुसून पुसून लेबलावरची अक्षरंही विरली होती. आतली वाईन खांद्याच्या खाली उतरलेली, रंग लालऐवजी चहाकडे झुकलेला. मासा न हुंगता डोळ्यावरून ओळखायचं आईनं तिला शिकवलं होतं आणि या बाटलीचा डोळा मेलेला होता.

"समुद्रातली टिकली, ही तर घरात होती," काका बाकीच्यांना सांगत होते. "हिनंच सांगितलंय मला."

रुचिका मोबाइल धरून चित्रण करत होती. माधुरी हसली. म्हणाली, "बूच जुनं आहे काका, मी आत जाऊन उघडते." आणि बाटली घेऊन मागच्या पँट्रीत शिरली.

दोन पात्यांचा चिमटा लावून तिनं बूच हलवलं तर त्याचा भुगा झाला. तिनं वाईन जाळीतून गाळत काचेच्या सुरईत ओतली. थोडी पेल्यात घेतली. पेला नाकाशी धरला, डोळे मिटले आणि आत खोलवर श्वास ओढला.

काहीच नाही. कोऱ्या काचेचा पेला हुंगावा तसं.

घोट घेतला. जीभ तेवढी शाबूत होती. आंबट लागलं. पण म्हातारी वाईन आंबट असतेच. हे म्हातारपण आहे की व्हिनेगर झालंय? ते फक्त नाक सांगू शकलं असतं. बाहेर जाऊन छान आहे म्हणावं, तर म्हातारा समोर बसून व्हिनेगर पिणार. गेली म्हणावं आणि तिच्यात जीव असला, तर एका मेलेल्या बाईनं जपलेली वस्तू आपण नुसत्या अंदाजानं मारली. रडूच फुटायचं बाकी होतं.

"काय झालं?" मागून अनिरुद्धचा आवाज आला. अनिरुद्ध म्हणजे तिचा मॅनेजर. दोघं एकाच महिन्यात ट्रे उचलायला लागले होते, म्हणून अजून एकमेकांना अरे-तुरे करायचे. त्यानं तिच्या हातातला पेला घेतला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शी! हे काय आहे यार? आणि तुला विचार कसला करावा लागतोय?"

"अरे, बघत होते जरा."

"बघायचं काय त्यात? वाट लागलीय हिची." त्यानं पँट्रीचं दार लोटलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "ऐक. आपल्याकडे तिकडचीच जुनी बोर्दो वाईन आहे ना? ती ओत सुरईत. हे मोरीत टाक. बाटली रिकामी टेबलावर ठेव, फोटोला. म्हाताऱ्याला काय कळणार? पोरीचं लग्न आहे, बायको गेलीय. खूश होऊन घरी जाऊ दे ना त्याला. हे काय पाप आहे का?"

तो वाईट माणूस नव्हता. हेच तर अवघड होतं. बरं, अदलाबदल केली की माधुरीचीही सुटका होती. हॉटेलची बाटली चांगलीच निघणार, नाकाचा प्रश्नच मिटला. तिनं ती जुनी बोर्दो खाली काढलीसुद्धा. बुचाला स्क्रू लावला.

आणि तिला तिचीच एक गोष्ट आठवली. अमेरिकेतल्या एका माणसाची. तो घरी बसून साध्या वाईनींची मिसळ करायचा, जुन्या बाटल्यांत भरायचा आणि मोठमोठ्या श्रीमंतांना विकायचा. सगळे खूश! कुणाला काही कळत नव्हतं. पण एका लिलावात त्यानं फ्रान्सच्या एका घराण्याच्या अशा सालांच्या बाटल्या ठेवल्या, ज्या सालांत त्या घराण्यानं ती वाईन बनवलीच नव्हती. त्या घरचा माणूस स्वतः उठून न्यूयॉर्कला गेला आणि म्हणाला, ही आमची नाही. ही गोष्ट सांगताना माधुरी नेहमी त्या फ्रेंच माणसाच्या बाजूनं तावातावानं बोलायची. आणि आता हातात स्क्रू!

तिनं स्क्रू काढून ठेवला. काकांची सुरई उचलली.

"माधुरी, वेडी झालीस का?" अनिरुद्ध म्हणाला. ती सुरई घेऊन बाहेर निघाली. तोही मागोमाग आला.

रुचिकानं मोबाइल वर धरला. माधुरीनं काकांच्या पेल्यात दोन बोटं वाईन ओतली.

"काका, ही चांगली आहे की नाही, हे सांगायचं काम माझं. पण मला वास येत नाही. महिना झाला, ताप आल्यापासून. मी कुणाला सांगितलं नाही. जिभेला ही बिघडल्यासारखी वाटते. नक्की तुम्हीच सांगा. आणि ती समुद्रातली गोष्ट खरी आहे, पण तिथं अंधार होता, गारठा होता. मी तुम्हाला उगाच आशा लावली. माफ करा."

मागे अनिरुद्धनं सोडलेला श्वास तिला ऐकू आला. वळून बघायची छाती झाली नाही.

काकांनी पेला उचलला. बराच वेळ नाकाशी धरला. मग घोट घेतला आणि त्यांचा सगळा चेहरा आक्रसला.

"गेली," ते म्हणाले.

रुचिकानं मोबाइल खाली ठेवला. काका पेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माधुरीला विचारलं, "दुसरी ओतून आणली असतीस तर मला कळलं असतं?"

"नाही, काका."

"मग ही कुठं गेली असती?"

"मोरीत."

काकांनी मान हलवली. स्वतः उठले, सुरई उचलली आणि टेबलावरच्या एकेका पेल्यात घोट-घोट वाईन ओतली. "प्या. हिच्या आईनं पुसलीय ती." सगळ्यांनी प्यायली. रुचिकाचं तोंड इतकं वाकडं झालं की ती आधी हसली आणि मग भरल्या टेबलावर तिला हुंदका फुटला. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचेही डोळे वाहत होते. सुरई ठेवताना हात हलला आणि माधुरीच्या बाहीवर थोडी सांडली. ती तशीच उभी राहिली.

निघताना रुचिकानं रिकामी बाटली टॉवेलात आडवी गुंडाळायला घेतली. काकांनी ती काढून घेतली आणि उभी छातीशी धरली. "अगं, जागेवर ठेवायचीय ती," ते म्हणाले.

ते गेल्यावर पँट्रीत अनिरुद्धनं हात पुढे केला. "महिनाभर तू पाहुण्यांना न हुंगता वाढलंस, माधुरी. मला वर सांगावं लागेल." खोटं काय होतं त्यात? तिनं बिल्ला काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. उद्यापासून नाश्त्याच्या हॉलला ये, तो म्हणाला, पुढचं मग बघू. ती हो म्हणाली.

घरी आई कोयता धूत बसली होती. माधुरी तिच्याजवळ बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. आईनं समजूत घातली नाही; तिला ते येतच नाही. तिनं लेकीचा हात ओढून मांडीवर घेतला आणि थांबली. "ये काय सांडला गो बाहीवर?"

"तीच. काकांची वाईन." माधुरीनं बाही नाकाशी दाबली. काही नाही. मग तिनं ती आईपुढे धरली. "आई, कसा वास येतो? सांग ना."

जयानं आयुष्यात वाईनला तोंड लावलं नव्हतं. तिनं बाहीला नाक लावलं आणि लगेच मागे घेतलं. "आंबट. नाक झोंबतंय."

"अजून?"

"अजून काय? थांब." तिनं डोळे मिटले. सकाळी टोपलीवर वाकते तशी वाकली. या वेळी बराच वेळ वर आली नाही. "खाली काय तरी हाय," ती म्हणाली. "बारीकसं. जांभूळ पिकून खाली पडतात ना, तसं. चांगला वास हाय, गो."

माधुरीनं मोबाइल काढला आणि मार्तंडकाकांचा नंबर लावला.