चौदा शून्यं

निवृत्तीनंतर मास्तर अग्निशमन दलात लागले, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, आता आगीसुद्धा त्यांना विचारून लागणार. ते फारसं खोटं नव्हतं.

काम बसून करायचं. लोक मोबाईलवर जे खरडतात ते एक यंत्र दिवसभर चाळतं आणि कुठे काही घडल्याची शंका आली की मजकूर पडद्यावर टाकतं. मग पाठीला पाठ लावून बसलेल्या दोघांनी ‘घटना’ किंवा ‘नाही’ हे बटण दाबायचं. दोघांचं जमलं, तरच बंब निघणार. दुसऱ्या खुर्चीत बाई, टेलिफोन खात्यातून आलेल्या. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

मास्तर मजकूर वाचत नसत, तपासत. काय, कुठे, केव्हा? तिन्ही उत्तरं नसतील तर शून्य. लिहिणाऱ्याचं नाव, नोकरीच्या ठिकाणासकट, झाकलेलं असे. ते उघडणं म्हणजे पक्षपात. लेकीने सासरहून धाडलेलं पत्रही त्यांनी लाल शाईने तपासून परत पाठवलं होतं. तेव्हापासून तीन वर्षं ती बोलत नव्हती.

मंगळवारी दुपारी ओळींमागून ओळी आल्या. ‘डोळे चुरचुरतायत.’ ‘श्वास घेता येईना.’ ‘दार उघडत नाहीये.’

“पत्ता नाही. शून्य,” मास्तर म्हणाले.

“अहो, चौदा जण एकदम डोळे चोळतायत!”

“मग चौदा शून्यं.”

“गुदमरणारा माणूस आधी पिनकोड टाकतो का? नावं उघडा.”

“नियम असा आहे की…”

“नियम घाला चुलीत!” बाई खुर्चीसकट वळल्या आणि मास्तरांचा हात ढकलून स्वतःच नावं उघडू लागल्या. पहिला बर्फाच्या कारखान्यातला. दुसराही. पाचव्या नावाला त्या गप्प झाल्या. बाई गप्प बसल्याचं नवलच वाटून मास्तरांनी मान वळवली.

“हीसुद्धा तिथलीच. ही तुमची लेक ना?”

मास्तरांनी बटण असं दाबलं की ते आतच अडकून बसलं.

कारखान्यात अमोनियाची नळी फुटली होती. सगळे बाहेर निघाले, लेक सगळ्यात शेवटी. ‘बंब सहा मिनिटं उशिरा,’ असं बाईंनी नोंदवहीत ठळक लिहिलं आणि वर मास्तरांना वाचूनही दाखवलं.

संध्याकाळी दवाखान्यात लेक डोळ्यांना पट्टी बांधून पडली होती.

“कोण?”

“मी.”

ती खोकली. “पत्ता लिहायचा राहिला. कापा मार्क.”

“नाव होतं,” मास्तर म्हणाले. “मीच उघडलं नाही.”

“मग आता जा घरी.” तिने कूस बदलली.

मास्तरांनी पलीकडचं स्टूल ओढलं आणि बसले.