पालकाला पालक दाखवताना

व्हिडिओतला माणूस म्हणाला, "डीप वॉटर कल्चर," आणि मी लगेच त्याच्या नाकातल्या आवाजात म्हणून बघितलं. आवाज हुबेहूब जमला. अर्थ कायच नाय. आमच्या कन्नड तालुक्यात शाळेत आम्हाला कल्चर म्हणजे संस्कृती असं शिकवलेलं, त्यामुळं ही खोल पाण्याची संस्कृती म्हणजे हडप्पाच्या शेजारपाजारची कुठली तरी असणार असं वाटलं. मग त्यानं झाकणाच्या एका मोठ्या प्लास्टिकच्या डब्याला वरून भोकं पाडली, भोकांत पेले बसवले, पेल्यांत रोपं ठेवली आणि मुळं खाली पाण्यात सोडून दिली. माती नाय. मी व्हिडिओ मागं घेऊन परत बघितला. म्हटलं माती टाकायचा भाग माझ्याकडून निसटला असेल.

नव्हता निसटला.

मी तेव्हा शहरात क्रांती चौकाजवळ एका चष्म्याच्या दुकानात कामाला होते आणि एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होते. खाली घरमालकीण एकटीच राहायची. तिला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, मीपण. गच्चीवर माझी खोली, खालाचे पाण्याचे ड्रम आणि बाकी मोकळं ऊन. ते ऊन बघूनच माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं. आणि खूळ शिरल्यावर मी गप बसत नाय, घरी वडलांना फोन करते.

"अण्णा, विहिरीपाशी तो तुकडा पडून हाय ना, तो मला द्या."

"काय करती?"

"पाण्यातली शेती. टाक्या मांडायच्या, त्यात पालक, पुदिना."

"पाण्यात? पूर आला व्हय तिकडं?"

"नाय ओ. ह्याला माती लागतच नाय."

मग अण्णा अगदी शांतपणे म्हणाले, "मातीच लागत नाय, तर माझा तुकडा काहून पायजे?"

मी टाक्या, पाणी, ऊन सगळं परत पहिल्यापासून सांगितलं.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. दिवाळीनंतर ते चष्म्याचा नंबर काढायला माझ्याकडं येणार होते. "तव्हा उगवून दाखव. दिसलं तर बघू. नाय तर तिथं कांदा लावतो." झालं. म्हणजे आता माझी विहिरीजवळची जागा एका डब्यात उगवणाऱ्या पालकावर टांगलेली. पालकाला पालक दाखवायचा, असा विनोद मी दुकानात सगळ्यांना ऐकवला. कुणी हसलं नाय.

डबा आणायला गुलमंडीच्या बाजारात गेले. व्हिडिओत सांगितलेलं, आत उजेड जाऊ द्यायचा नाय, शेवाळ धरतं. मी दुकानदाराला म्हटलं, "उजेड आत जाणार नाय असा डबा द्या."

"ताई, ठेवायचं काय आहे त्यात?"

"पाणी."

"पाण्याला अंधार कशाला पायजे?"

मी म्हटलं, उजेडानं शेवाळ धरतं म्हणे. त्यानं एक निळा डबा डोक्यावर पालथा घेतला आणि आतून आवाज दिला, "दिसतंय थोडं थोडं!" तोच घेतला. वरून जुन्या छत्रीचं काळं कापड गुंडाळलं. झाकणाला भोकं पाडायला पेचकस गॅसवर लाल केला तर सगळ्या घरात जळका वास. खालून खाला ओरडली, "क्या जला री गे?" मी तिच्याच आवाजात ओरडले, "कुछ नै गे!" ती म्हणाली, "मेरीच नक्कल मेरेकूच?" पण हसली. दह्याचे पेले जमवलेले, त्यांच्या बुडाला भोकं पाडली आणि ते झाकणात बसवले. कोपऱ्यात एक मोठं भोक जास्तीचं ठेवलं, पाणी किती आहे ते डोकावून बघायला.

मग हवेचा पंप. मुळं पाण्यात बुडाली की त्यांचा श्वास कोंडतो म्हणे, म्हणून पाण्यात सारखे बुडबुडे सोडायचे. पंप शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतो. तिथल्या चाचांनी पंप काढून दिला, नळी दिली, बुडबुड्याचा दगड दिला आणि विचारलं, "मासे कोणते?"

"पालक."

"नवी जात आली का?"

पंप लावला. घुर्रर्र. डब्यात असं खदखदायला लागलं की वाटावं आत कुणीतरी बसून गुळण्या करतंय. खत दोन बाटल्यांत आलेलं, एक ए, एक बी. दोन्ही सरळ एकमेकांत ओतायच्या नाहीत, आधी पाण्यात वेगवेगळ्या सोडायच्या. का, ते बाटलीवर लिहिलेलं, पण ते वाचून मी जास्त गोंधळले. स्पंजच्या तुकड्यांत पालकाचं बी रुजवलं, कोंब आले, पेल्यांत ठेवले. पानं हिरवी निघाली. मी फोटो काढून आईला पाठवला. आई म्हणाली, "डब्याला काळं काय गुंडाळलं? नजर लागू नये म्हणून का?" मी हो म्हटलं. सोपं पडलं.

आणि मग सगळं उलटं व्हायला लागलं.

व्हिडिओवाल्याचं म्हणणं, मुळं लांब झाली की पाणी आपोआप खाली जातं, ते जाऊ द्यायचं. वरची मुळं हवेत, खालची पाण्यात. मी डब्याच्या आतून नेलपॉलिशनं एक खूण केली, पाणी हिथपर्यंत उतरलं पायजे म्हणून. पाणी उतरलं. मी खूश. मग एका संध्याकाळी दुकानातून आले, भोकातून मोबाईलच्या उजेडात डोकावले, तर पाणी खुणेच्या वर. पार झाकणाला टेकलेलं.

मी मगानं पाणी काढून टाकलं. काही दिवस ठीक. परत एक दिवस काठोकाठ.

मला कायच कळेना. आभाळात ढग नाय, दव कितीही पडलं तरी डबा भरत नाय. झाडं पाणी प्यायच्या ऐवजी बाहेर टाकायला लागली काय? मी पाल्याकडं संशयानं बघायला लागले. त्यात पानं पिवळी पडायला लागली, म्हणून मी खत वाढवलं, तरी पिवळी. मुळं आधी पांढरी होती, ती तपकिरी बुळबुळीत झाली. एकीकडं अण्णांचा यायचा दिवस जवळ येत होता, आणि इकडं माझा पुरावा रोज थोडा थोडा मरत होता.

शेवटी माशांच्या चाचांना फोन लावला. "चाचा, माझ्या डब्यातलं पाणी वाढतंय."

"क्या?"

"पाणी. आपोआप वाढतंय."

"बेटा, ह्या शहरात पाणी वाढतंय आणि तू तक्रार करती? पत्ता दे, मी बादली घेऊन येतो."

अण्णा आले. एसटी स्टँडवर त्यांना घ्यायला गेले तर खांद्यावर खताची गोणी, तोंड सुतळीनं बांधलेलं. मी विचारलं, "काय आणलं एवढं?"

"माती."

"माती?"

"तुझी आईबी म्हनली, पोरगी खरंच मातीबिगर शेती करायली. म्हनलं शहरात माती इकत घ्यावी लागत आसल, आन ही लाजती सांगायला. सांगायचं ना. वावरातली चांगली काळी आणली."

मला हसू येत होतं का रडू, ते ठरेना. गोणी मी घेतली. रिक्षात अण्णांनी ती मांडीवर धरली, सीटवर ठेवू दिली नाय.

दुकानात नंबर काढला, मग गच्चीवर नेलं. अण्णा डब्यासमोर उकिडवे बसले. एक पान बोटानं उलटं करून बघितलं.

"हा पालक हाय?"

"हाय."

"आजारी हाय?"

"हाय."

"आन हे घुर्रर्र काय?"

"पाण्यात हवा सोडते अण्णा. मुळाला हवा लागती."

"मग हवेतच लाव की. पाण्यात कशाला बुडवली?"

व्हिडिओवाल्याचा नाकातला आवाज काढून समजावून बघितलं. अण्णा म्हणाले, "असा काय बोलतो? सर्दी झाली व्हय त्याला?"

तेवढ्यात खालून आरोळी आली, "पानी आया गे!" आणि सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू झाल्या. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते कधी येईल सांगता येत नाय, आणि बहुतेक मी दुकानात असते तेव्हाच येतं. आलं की मग माणूस ड्रम, बादल्या, पातेली, दिसेल ते भरून घेतो. खाला पाईप ओढत वर आली. अण्णांना बघून पदर सावरला, "सलाम भाऊ, बसा ना," म्हणाली, आणि ड्रम भरायला लागली. दोन्ही ड्रम भरले. मग वळली, सरळ माझ्या डब्यापाशी आली आणि पाईप कोपऱ्यातल्या भोकात घातला.

"खाला! काय करता?"

"भर री न."

"कशाला?"

"तू तो दुकानात असते. हर बार देखती, तेरा डब्बा आधा खाली. मैं म्हणते, पोरगी लाजते, पानी मागत नाही. तो मैं भर देती." आणि वरून अण्णांना, "बहोत लाजाळू आहे तुमची मुलगी."

"ही?" अण्णा म्हणाले.

एका दिवसात दोन माणसांनी मला लाजाळू ठरवलं. आणि पानं का पिवळी होती, मुळं का सडली, खत कुठं जात होतं, ते सगळं त्या पाईपातून माझ्यासमोर भळाभळा वाहत होतं. मी पाईप उपसला, तो निसटून अण्णांच्या धोतरावर.

मी खालाला समजावलं की हा डबा मुद्दाम अर्धा रिकामा ठेवायचा असतो.

"मुद्दाम?" खाला म्हणाली.

"हो."

"पानी आल्यावर पण?"

"हो."

खालानं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी खालाकडं बघितलं. मग दोघांनी मिळून माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच काळजी वाटली. नंतर ती दोघं ड्रमच्या सावलीत बसून चहा पीत पाण्याचंच बोलत राहिली, गावात विहिरीला किती आहे, इथं टँकर कसा उशिरा येतो, आणि मी मगानं पाणी उपसत राहिले.

निघताना मी विचारलं, "अण्णा, मग तुकडा?"

"बघू."

अण्णांचं 'बघू' मला तीन प्रकारांनी काढता येतं. लग्नाच्या आमंत्रणाला वेगळं, बैल विकायला आलेल्याला वेगळं, आईनं साडी मागितली की वेगळं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. एसटी सुटल्यावर मी स्टँडवर उभी राहून ते दोन-तीनदा म्हणून बघितलं, आत काय सापडतंय का म्हणून. शेजारच्या बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं.

डबा धुतला, खत नव्यानं घातलं, सडलेली रोपं काढली. वाचली ती थोडीच. पण आता खाला पाणी आलं की दुकानात फोन करायची, "मैं नै भरी गे, बस देखी." हळूहळू मधली पानं हिरवी निघाली, मग मोठी झाली. खालाला भाजीपुरती दिली. तिनं डाळीत घातली, म्हणाली चव तर पालकाचीच आहे, जशी काही दुसरी कुठली असायची होती.

फोटो घरी पाठवला आणि वाट बघत बसले. कांद्याच्या लागवडीचे दिवस होते. फोन येईना. मीच केला.

"अण्णा, फोटो बघितला?"

"बघितला."

"मग?"

"कांदा लावायलोय. बाया लागल्यात कामाला."

माझा आवाजच गेला. कुणाचाच काढता येईना. "सगळ्या रानात?"

"इहिरीपासचं सोडून."

"म्हणजे मला दिलं?"

"लई तण हाय तिथं. काढायला कव्हा येती?"

"अण्णा, म्हणजे हो का नाय, ते सांगा ना."

"रविवारच्या एसटीनं ये," अण्णा म्हणाले. "इळा घरी हाय. हातमोजं तुझं तू आण."