सरासरी फरक शून्य

ज्या कंपनीची रक्तदाब मोजायची यंत्रं मी नाशिकमध्ये विकली, तिने मला फसवलं आणि माझ्या हातून माझ्या थोरल्या भावाला फसवलं.

दुकान मी एकट्याने उभं केलंय. घासाघीस केल्याशिवाय कुणाचा माल आत घेत नाही. त्यांच्या एरिया मॅनेजरशीही वॉरंटीवरून दुपारभर भांडलो. कॅलिब्रेशनचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "शेठ, पाऱ्याच्या यंत्राशी ताडून पाहिलंय. सरासरी फरक शून्य. पारा वर गेला की आमचा आकडा वर, खाली आला की खाली." शून्यावर घासाघीस काय करणार? माल घेतला.

त्यातलं एक यंत्र चांदवडला भावाला दिलं. त्याचं रक्तदाबाचं दुखणं जुनं. वहिनी रोज सकाळी आकडा घ्यायची आणि नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या डॉक्टरांना फोनवर कळवायची. आकडे चांगले येत गेले, म्हणून डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. मग एका सकाळी भावाच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. पक्षाघात. तो हात आजही वर जात नाही. दवाखान्यात वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमचं मशीन तर रोज बरंच दाखवत होतं." टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो. तिने टोमणाही मारला नाही.

भावाचं यंत्र आणि दुकानातलं एक नवंकोरं घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बऱ्याच पेशंटचा दाब आमच्या यंत्रांनी आणि पाऱ्यानेही मोजला. सरासरी काढलीच नाही. प्रत्येकाचा फरक त्याच्या दाबाच्या पातळीवर मांडत गेले. कमी दाबाच्या माणसाला आमची दोन्ही यंत्रं वाढवून दाखवत होती, जास्त दाबाच्याला उतरवून. अधिक-उणे एकमेकांत जिरलं की उरतं शून्य.

आमच्याकडे कांद्याच्या लिलावात वरचा माल बघून भाव ठरतो. पण नंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना तळाचा माल हलका निघाला, तर व्यापारी तिथेच अडतो. वरच्या मालाने खालच्याची भरपाई झाली, असं कुणी म्हणत नाही.

मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, "शेठ, पाऱ्याचं आणि आमचं, दोन्ही यंत्रं बरोबरीने चालतात, आणखी काय पाहिजे?"

"बैलजोडीही बरोबरीने चालते. म्हणून दोन्ही बैल एका वजनाचे होतात का?"

"सगळ्या कंपन्या सरासरीच देतात."

"मग प्रत्येक माणसाचा फरक दाखवा."

"ते बाहेर देत नाही आम्ही."

म्हणजे तळाचा माल त्यांनी पाहिलेला होता. दुकानातली उरलेली यंत्रं मी खोक्यात बांधून ठेवलीत. विकलेली परत मागवतोय, पण काही गिऱ्हाइकं फोन उचलत नाहीत, आणि त्यांच्या घरी आज सकाळीही कुणीतरी आकडा बघून निर्धास्त झालं असेल. ते फरक बघून ज्याने शून्य लिहायला सांगितलं, त्याने चांदवडला यावं. भावासमोर बसावं, आणि माझ्या वहिनीला सांगावं की त्या शून्याच्या हिशेबात तिच्या नवऱ्याचा हात कुठे धरला होता.